उजवीकडची वरची काडी

ग्युम्रीच्या बाजारात, कोबीवाल्यांच्या पलीकडे,
वार्सेनिकच्या चीजच्या टपरीवर एक काटा आहे.
काटा म्हणजे नुसतं म्हणायचं.
पुढे काचेच्या चार नळ्या,
सोव्हिएत काळातल्या, करंगळीएवढ्या,
आणि प्रत्येकीत एक हिरवट-निळा आकडा,
तळ्याच्या तळाशी कुणी कंदील धरल्यासारखा.

दुसऱ्या नळीतली एक काडी मेलेली.
उजवीकडची, वरची.
सात काड्यांचा आकडा; ही एक गेली की
चारची खुर्ची होते,
सातचं छप्पर अधांतरी, पाय खाली वेगळाच,
शून्याचा दात पडतो.
एवढं चालतं. लोक वाचतात.
अडतं ते आठाशी. आठ दिसतो सहा.
आणि नऊ, पाच.

वार्सेनिक सहाचेच पैसे घेते.
पाच दिसले तर पाचाचे.
खरं वजन तिच्या हाताला कळतं,
चाळीस वर्षं तोच धंदा,
पण ती काट्याकडे बोट करून म्हणते,
"यंत्र कशाला खोटं बोलेल?"
मापात पाप, म्हणतात.
इथे ते तिच्याच गल्ल्याला लागत होतं.

मला पाहवेना.
मी दिवसभर असल्याच गोष्टी जोडते,
आगपेटीएवढ्या पाट्यांवर, चिमट्याने, श्वास रोखून.

आधी एलसीडी लावला. जानेवारी, उणे अठरा.
आकडे मधासारखे घट्ट झाले.
हायकुशचं वजन आलं तरी
आधीच्या गिऱ्हाइकाचं जाईना,
दोघींची भुतं एकाच खिडकीत.
ई-पेपर तर विचारच करत बसला.
ओएलईडी देखणा, काजळासारखा काळा,
पण सफरचंदं बाजारात येईतो
रिकाम्या पारड्याचे शून्य त्यात भाजले गेले,
मग प्रत्येक किलोमागे
चार फिकट शून्यं उभी, उधारी मागायला आल्यासारखी.
लाल एलईडी तिने एका नजरेत परत केले:
"खाटकाकडे बसव."

शेवटी मुशेघ. बंद पडलेल्या कारखान्यातला.
नळ्या अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवतो.
एक उचलून उजेडात धरली,
आत केसाहून बारीक तारा, टोकाला चांदीचा डाग.
"हा डाग पांढरा पडला की समजायचं,
हवा आत शिरली.
आपण जिच्यावर जगतो, तिनेच ही मरते.
आणि तार लालभडक होऊ देऊ नकोस.
जेमतेम कळेल न कळेल, एवढीच तापव."
पैसे नको म्हणाला.
"चेचिल आण वार्सेनिककडचं. आठाचं,
सहाच्या भावात."

म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

मी नळी बदलली. नऊ तारा, नऊ टाके.
त्या संध्याकाळी आठ पहिल्यांदा
आठासारखा दिसला.
मी टाळी वाजवली. माझी एकटीचीच.
हायकुशने पाकीट उघडलं,
नाणी मोजली, पुन्हा मोजली,
कागदातला चीजचा एक तुकडा
बोटांनी हळूच बाजूला सारला.
"एवढं नको," म्हणाली. "आम्ही आता दोघंच."
वार्सेनिकने माझ्याकडे पाहिलं नाही.
कापड घेऊन पारडं पुसत राहिली,
पुसून झाल्यावरही.

दुसऱ्या दिवशी काचेवर
काळ्या चिकटपट्टीचा तुकडा होता,
नखाएवढा,
दुसऱ्या नळीवर,
उजवीकडे, वर.
नीट कापलेला. कात्रीने.

मी चेचिल मागितलं.
सहा आले.
"सहा की आठ?" मी विचारलं.
ती दोऱ्याची गाठ दातांत धरून म्हणाली,
"तुला काय दिसतं, नवार्द?"

पट्टीच्या कडेने थोडा हिरवट उजेड पाझरत होता.
मी सहाचे पैसे दिले.
पुडकं हाताला जड लागलं.